रोज आठ वाजता कोण ऐकणार?

(निपाणी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापला आहे तो 'वॉकीटॉकी : छंद, भटकंती आणि सुरक्षितता' असा. विषय वाचून कॉलेजची पोरं जास्त येतील, असं मला वाटलं होतं. पुढच्या रांगा पाहतो तर वेदगंगाकाठची मंडळीच अधिक दिसतात. म्हणून डोंगरापासून करायची सुरुवात नदीपासून करतो.

२०१९ चा ऑगस्ट इथं कुणाला सांगायला नको. यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आली, कोल्हापूरकडे शिरोलीलाही रस्ता बुडाला आणि पुण्या-बेंगळुरूची वाहतूक जागच्या जागी थांबली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. हायवे बंद पडला की टीव्हीवर बातमी होते. पण जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे बंधारे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात, त्यांची बातमी स्थानिक पानावर चार ओळींत आटोपते. बंधारा बुडाला की पलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर दिसत असतं आणि जायला मोठा वळसा पडतो.

आता पाणी येतं कुठून? वेदगंगेवर वर पाटगावचं धरण आहे, दूधगंगेवर काळम्मावाडीचं. दोन्ही महाराष्ट्रात. पाणी चढतं ते आपल्या शिवारात, कर्नाटकात. पाण्याला उतार ठाऊक असतो, ते सरळ येतं. निरोपाला मात्र दोन राज्यांच्या कचेऱ्या हिंडून यावं लागतं. त्यातच तीन दिवस पाऊस झोडपत असला की आधी वीज जाते, मग काही तासांनी मोबाइल टॉवरची बॅटरी उतरते. हातातला वीस हजारांचा फोन उरतो टॉर्चपुरता.

वॉकीटॉकीला मध्ये टॉवर लागत नाही. एका सेटवरून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटला पोचते. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एवढ्याशा साधेपणातच तिचं सगळं बळ आहे, आणि सगळी मर्यादाही.

मर्यादा आधी सांगतो, कारण दुकानदार ती सांगणार नाही. खोक्यावर 'रेंज १५ किलोमीटर' असं झोकात लिहिलेलं असतं. या सेटांच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांनाही क्षितिज असतं, डोळ्याच्या क्षितिजापेक्षा थोडं लांबचं. हिशेब सोपा आहे : अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ ने गुणा, आलं उत्तर किलोमीटरमध्ये. उभ्या माणसाच्या छातीशी धरलेला सेट दीड मीटर उंचीवर असतो. त्याचं क्षितिज पाच किलोमीटर. समोरच्याचंही तेवढंच. म्हणजे मोकळ्या सपाटीवर दोघांत फार तर दहा. तेही मध्ये काही नसताना! आपल्याकडे मध्ये बारा फुटी ऊस असतो, घरं असतात, माळाचा चढ असतो. सपाटीवर लहान सेट दोन-तीन किलोमीटर नीट बोलला तर तो चांगला समजा.

पण तोच माणूस सपाटीपेक्षा दोनशे मीटर उंच टेकडीवर चढला, तर त्याचं क्षितिज जातं अठ्ठावन्न किलोमीटरवर. सेट तोच, बॅटरी तीच. म्हणून वॉट मोजत बसू नका, उंची शोधा. आपल्याला तवंदीचा घाट आहे. घाटमाथ्यावर एक माणूस सेट घेऊन बसला, तर काठावरच्या एकमेकांना न ऐकू येणाऱ्या दोन गावांचे निरोप तो इकडून तिकडे देऊ शकतो. हेच काम आपोआप करणाऱ्या यंत्राला रिपीटर म्हणतात. यंत्र नसेल तर माणूस चालतो, फक्त त्याला छत्री आणि चहा पोचवावा लागतो.

आता डोंगराकडे येतो. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्याला जाणारे इथं बरेच असतील. त्या रस्त्यावर मोबाइलच्या दांड्या कधी गायब होतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या दक्षिणेला भीमगडचं अभयारण्य; २०११ मध्ये ते घोषित झालं. आत गवाळी, कोंगळा, कृष्णापूर, अमगाव, तळेवाडी ही मराठी बोलणारी गावं. पावसाळ्यात आजारी माणसाला तिथून खांद्यावर वाहून बाहेर आणायची वेळ येते. आपण मात्र त्याच रानाकडे 'नेटवर्क नाही, किती छान' म्हणत धबधबा बघायला जातो. पाहुण्याला तेवढी मौज परवडते.

याच सह्याद्रीने रेडिओचा एक मोठा पराक्रम पाहिला आहे. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, २५ नोव्हेंबर १९५५ ला, आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही जोडी ते चालवत होती. पुढे ते आपल्या कॅसलरॉकला हललं आणि गोवामुक्तीपर्यंत, म्हणजे डिसेंबर १९६१ पर्यंत, तिथून बोलत राहिलं. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली सोडवताना हाती लागलेल्या दोन वायरलेस सेटांतून त्यांचं प्रक्षेपक यंत्र उभं राहिलं होतं. पुढं हे दोघे पतिपत्नी झाले. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, पद्मश्री मिळाली. सहा पावसाळे त्यांनी त्या रानात काढले. घाटातला पाऊस, जळवा आणि दमट हवा यांत विजेचं यंत्र कोरडं ठेवणं म्हणजे काय, हे चोर्ल्याच्या टपरीवर अर्धा तास थांबलेल्यालाही कळेल.

ते केंद्र एकतर्फी होतं. वॉकीटॉकीसारखं उलट उत्तर येत नव्हतं. तरी मी ते मुद्दाम सांगतो. आवाज रोज ठरलेल्या वेळी येत असे, म्हणून गोव्यात माणसं दारं लावून त्या वेळी रेडिओशी बसत. वेळ ठरलेली नसती तर रानातलं ते बोलणं झाडांनीच ऐकलं असतं.

माझं आजचं सांगणं एवढ्यापुरतंच आहे. सेट विकत घेणं सोपं. त्या सेटवर कुणीतरी ऐकत असणं अवघड. अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांनी रानात फिरणाऱ्यांसाठी एक रीत पाडली आहे : सकाळी सातपासून दर तीन तासांनी, तासाच्या ठोक्याला, पाच मिनिटं ठरलेल्या चॅनलवर कान द्यायचा. सात, दहा, एक, चार, सात. अडकलेल्या माणसाला दिवसभर हाका मारून बॅटरी संपवावी लागत नाही. बोलताना सेट जेवढी वीज खातो, तिचा अगदी लहानसा भाग ऐकताना लागतो. आपल्याकडे किती ट्रेकिंगचे ग्रुप अशी वेळ ठरवून निघतात? पुढच्याकडे एक, मागच्याकडे एक सेट देतात. पुढचा धबधब्याखाली, मागचा सेट बंद करून सॅकमध्ये.

आणि ही ऐकायची सवय संकटाच्या दिवशी लागत नाही. ती छंदातूनच लागते. २००४ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांना घेऊन अंदमानला गेल्या होत्या, त्या निव्वळ हौसेनं. अंदमानहून हौशी रेडिओवर बोलायला फार वर्षं परवानगी नव्हती, त्यामुळे जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, त्यांच्याशी बोलायला टपलेले. २६ तारखेला भूकंप झाला, त्सुनामी आली, फोन बंद पडले. अँटेना उभी होती, ऐकणारे जगभर बसलेलेच होते. त्याच यंत्रावरून माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळू लागली. आपत्तीसाठी म्हणून कुणी तिथं गेलं असतं तर यंत्र पोचायलाच आठवडा लागला असता.

हॅमला आणखी एक गोष्ट जमते, जी वॉकीटॉकीला जमत नाही. सात मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर तार फारशी उंच न बांधता सोडली, तर ती जवळजवळ सरळ वर जाते आणि आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरांत खाली उतरते. मध्ये सह्याद्री असो नाही तर अख्खा पश्चिम घाट, ती डोक्यावरून जाते. दिवसाउजेडी अमगावच्या खोऱ्यातून बेळगावला पोचायचं असेल, तर वीस मीटर तार आणि दोन झाडं पुरतात.

आता कायद्याचं. इथं पोरांनी कान उघडे ठेवावेत. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारे बरेच चिनी सेट पोलीस, वनखातं, रेल्वे यांच्या लहरींवरही बोलू शकतात. ते विनापरवाना बाळगणं आणि वापरणं गुन्हा आहे. म्हणूनच २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या आणि विक्रीचे नियम घातले. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले, सरकारमान्य, थोड्या ताकदीचे सेट मात्र २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. दोन गाड्या, एक ट्रेक, मिरवणुकीतले स्वयंसेवक, एवढ्याला ते पुरेसे आहेत. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक पहाटेपर्यंत चालते आणि त्या गर्दीत फोन लागता लागत नाही, हे तुम्ही अनुभवलं आहेच. परदेशातून येणाऱ्या भाच्याला मात्र सांगून ठेवा : उपग्रहाशी बोलणारी उपकरणं आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर त्यापायी पर्यटक अडकले आहेत.

यापेक्षा लांब बोलायचं असेल तर हॅमचा परवाना. वय बारा पूर्ण हवं. साधी परीक्षा आहे. पहिल्या पायरीला मोर्स येण्याची गरज नाही. परवाना मिळतो दिल्लीहून. बेंगळुरूचा संबंध नाही, मुंबईचाही नाही. सीमाभागातल्या माणसाला कोणत्या राज्याचा असा प्रश्न न विचारता मिळणारा कागद तसा दुर्मीळच! (हशा) अट एवढीच की त्यावर धंदा, राजकारण आणि गाणी चालत नाहीत. म्हणजे आपल्या गप्पांतला निम्मा मजकूर गेला, हे मान्य.

बोलायचं कसं, तेही थोडक्यात सांगतो. बटण दाबून मनात एक म्हणा आणि मग तोंड उघडा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा नाव असतो. अँटेना उभी धरा. आवाज फाटत असेल तर चार पावलं सरका. खडकाआडून बाहेर आलात तरी फरक पडतो. निरोप आधी कागदावर लिहा : कोण, कुठे, काय झालं, किती माणसं, काय हवं. आकडे सुटे सुटे सांगा. गावाच्या आधी तालुका सांगा. एका नावाची गावं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. आणि पलीकडचा कन्नड बोलणारा असेल तर तेवढी पाच वाक्यं कन्नडमध्ये पाठ असू द्या. नदी चढत असताना भाषेचा वाद घालायला सवड नसते. सेट अजिबातच चालेना, तर शिट्टी : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता. हा खुणेचा रिवाज डोंगरात जगभर चालतो, आणि शिट्टीला बॅटरी लागत नाही.

आता काम. मृग लागायला थोडेच दिवस उरलेत. जत्राट, भिवशी, सिदनाळ, अक्कोळ, कारदगा, भोज या गावांतून एकेक माणूस मला हवा आहे, जो रोज रात्री आठला पाच मिनिटं सेट उघडून हजेरी देईल. पाऊस असो वा नसो. आठवडाभरात कंटाळा येईल, हे आधीच सांगतो, कारण बोलायला काहीच नसतं. 'भोज, हजर, पाणी नाही.' बस. घाटमाथ्यावर कोण बसणार, तेही ठरवायचं आहे. हॅमची परीक्षा द्यायची असेल त्यांनी सरल संचार या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा; त्यात अडलं तर मी आहे.

टेबलावर परवाना न लागणारे दोन सेट ठेवले आहेत. मागं उभ्या असलेल्या त्या दोन मुलींनी एक सेट घेऊन बाहेर पडावं आणि आवाज तुटेपर्यंत चालत राहावं. कुठं तुटला ते त्यांनी परत येऊन सांगावं. तोवर मी प्रश्न घेतो.