डामाच्या कागदाआड



परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या नवजातशिशुशास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ते काम पुढच्या सत्रांत अधिक जाणकार मंडळी करतील. मला बोलायचंय ते जी बाळं आपण वाचवू शकत नाही त्यांच्याबद्दल.

जन्मताना गुदमरलेलं बाळ. चौथा दिवस. झटके थांबत नाहीत, स्वतःचा श्वास नाही, बाहुल्या स्थिर. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागाच्या, दाराबाहेर काका आणि मामा बिलाची बेरीज करताहेत. बाप डामाच्या, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या, फॉर्मवर सही करतो, मामाच्या हातात श्वास देण्याची अंबू बॅग दिली जाते आणि गाडी गावाकडे निघते. बाळाची आई दुसऱ्याच दवाखान्यात, सिझेरियनचे टाके घेऊन पडलेली. तिला कुणी विचारलेलं नसतं. पुष्कळदा तिने बाळ पाहिलेलंही नसतं. फाइलीवर शेरा पडतो: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेले.

अनेकदा हा शेरा खरा नसतो. ‘आता काही उपयोग नाही’ हे आपणच आडून सुचवलेलं असतं. निर्णय आपला, सही मात्र बापाची. आणि त्याच फॉर्मवर न्यूमोनियाचं, चार दिवसांत बरं होणारं बाळही घरी जातं, कारण पैसे संपले, किंवा ती तिसरी मुलगी होती. उपचार निरर्थक झाले म्हणून थांबणं आणि परवडत नाहीत म्हणून थांबणं, या दोन गोष्टी एकाच कागदाखाली झाकल्या जातात. माझा आक्षेप इथे आहे.

येल विद्यापीठाच्या डफ आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी मात्र १९७३ साली उघडपणे लिहिलं की त्यांच्या विभागातल्या २९९ मृत्यूंपैकी ४३ बाळांच्या बाबतीत उपचार आवरते घेतले होते. त्यांच्यावर टीकेची झोड उठली, पण चर्चा उजेडात आली. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन इथे डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या अन्ननलिकेची शस्त्रक्रिया पालकांनी नाकारली आणि ते बाळ दगावलं. त्या निर्णयाचं समर्थन मी करू शकत नाही. अपंगत्व येईल, एवढ्यावरून कुणाचे उपचार थांबवता येत नाहीत. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन प्रोटोकॉलमध्ये बाळाचं आयुष्य सक्रियपणे संपवण्यापर्यंत मजल गेली आहे. आपला कायदा त्याला परवानगी देत नाही, आणि द्यावी असं मला वाटतही नाही.

निरर्थक उपचार थांबवण्याचा मार्ग मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोकळा केला आणि २०२३ मध्ये सोपा केला. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ, कुटुंबाची संमती, दुसऱ्या मंडळाची खातरजमा, शक्यतो ४८ तासांत मत. ही चौकट प्रौढ रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे, हे उघड आहे. बाळ काही उपचारांबाबतचं इच्छापत्र लिहून ठेवत नाही. म्हणून त्याच्या बाजूने बोलणारा माणूस मंडळात हवा, आणि तालुक्याच्या गावातल्या दहा खाटांच्या युनिटला दुसरं मंडळ फोनवरून तरी मिळायला हवं.

व्हेंटिलेटर काढल्यावर आपलं काम संपत नाही. इंदूरला शिकलेल्या डॉ. के. जे. एस. आनंद यांनी १९८७ साली लॅन्सेटमध्ये दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही शस्त्रक्रियेत पुरेशी वेदनाशामकं लागतात. तोवर कित्येक बाळांवर ती न देताच शस्त्रक्रिया होत. मग गाडीत, खड्ड्यांच्या रस्त्यावर, धाप लागून जाणाऱ्या बाळाला आपण काय देतो? द्यायला हवेत मॉर्फिनचा डोस, उबदार दुपटं, आईचा उघडा खांदा, पडदा लावलेला एक कोपरा. हेही उपचारच आहेत आणि त्यांना फारसा खर्च येत नाही.

माझी मागणी थोडी आहे. जे बाळ जगणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी डामाचा फॉर्म काढू नका. निर्णय स्वतःच्या अक्षरात, कारणासह, तारीख-वेळ घालून लिहा आणि खाली स्वतःची सही करा. आणि त्याआधी रुग्णवाहिका पाठवून का होईना, त्याच्या आईला बोलावून घ्या.