होडीचा खुष्कीचा प्रवास

होडी हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें पाणी उभें राहतें. परंतु पुष्कळशा लहान होड्यांना पाण्याआधीं रस्त्याचा प्रवास करावा लागतो. समुद्रकांठच्या देशांत सुटीच्या दिवशीं मोटारीमागें होडी जोडून दूरच्या सरोवराकडे जाणें हा हौसेचा भाग आहे. मराठवाड्यासारख्या उंचावरील, कोरड्या मुलखांत मात्र हा प्रवास हौसेचा नसतो. येथें होडी रस्त्यानें निघते ती बहुधा कोणाचे तरी प्राण पाण्यांत अडकलेले असतात म्हणून.

या मुलखाचा स्वभावच मोठा विलक्षण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि लातूर शहराला पिण्याचें पाणी आगगाडीनें आणावें लागलें. मिरजेहून निघालेली पहिली गाडी सुमारें ३४० किलोमीटरचा मार्ग आक्रमून १२ एप्रिल रोजीं लातुरांत आली; दहा वाघिणींत मिळून जवळजवळ पांच लक्ष लिटर पाणी होतें. त्यानंतर नऊच वर्षांनीं, ऑगस्ट २०२५ मध्यें, शेजारच्या नांदेड जिल्ह्यांतील मुखेड तालुक्यांत एका दिवसांत २०६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लातूर, उदगीर आणि कर्नाटक या बाजूंचें पाणी लेंडीच्या खोऱ्यांत लोटलें. रावणगांव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गांवांना वेढा पडला. कांहींचे प्राण गेले. ज्या प्रदेशाकडे एकदां पाणी दुरून धांवत आलें, त्याच प्रदेशाकडे आतां होड्यांना धांवावें लागलें.

त्या वेळीं राज्याच्या आपत्ति-दलाबरोबर लष्कराची एक तुकडी छत्रपति संभाजीनगराहून धाडण्यांत आली. ही मजल अडीचशें किलोमीटरांहून अधिक आहे. राष्ट्रीय दलाची पांचवी तुकडी तर पुण्याजवळ सुदुंबरे येथें असते; तेथून नांदेड सुमारें साडेचारशें किलोमीटर. या पथकांच्या रबरी नौका हवा काढून, घडी घालून मालमोटारींत ठेवतां येतात. फायबरच्या होडीची मात्र घडी होत नाहीं. तिला दोन चाकांचा ट्रेलर लागतो, आणि तो ओढण्यास एखादी दणकट जीपगाडी. ती गाडी बहुधा नवी नसते. तिच्या घड्याळांत लाख-दोन लाख किलोमीटरांचा आंकडा उमटलेला असतो.

अशा गाडीविषयीं पहिली शंका येते ती शक्तीची. वस्तुतः पंधरा फुटांची होडी, तिचें यंत्र, इंधन आणि ट्रेलर मिळून भार पांचशें-सहाशें किलोंच्या आसपास भरतो. सांगाड्यावर बांधलेल्या जीपगाडीला हा भार ओढणें जड नाहीं. प्रश्न ओढण्याचा नसून तोल राखण्याचा व थांबण्याचा आहे.

तोलाचें शास्त्र मराठवाड्यांतील शेतकऱ्यास कोणी शिकविण्याची गरज नाहीं. बैलगाडींत भार मागें गेला कीं गाडी उलार होते, जूं वर उचलतें आणि बैलांच्या गळ्यास फांस बसतो. भार पुढें आला कीं जूं मानेंत रुततें. ट्रेलरचा न्याय हाच. एकंदर वजनाचा सुमारें दहावा हिस्सा, म्हणजे येथें पन्नास-साठ किलो, मोटारीच्या हुकावर टेंकला पाहिजे. होडीचें यंत्र तिच्या पाठीमागें लटकत असल्यानें ती मुळांतच उलार होऊं पाहते. म्हणून इंधनाचे डबे व दोरखंड पुढें ठेवावे लागतात, किंवा होडीच ट्रेलरवर कांहीं इंच पुढें सरकवावी लागते.

हा हिशेब चुकला तर गाडी उभी असतांना कांहींच जाणवत नाहीं. वेग वाढला म्हणजे ट्रेलर शेंपटासारखा डावीउजवीकडे हेलकावे घेऊं लागतो. अशा वेळीं घाबरून ब्रेक दाबणें किंवा चाक उलटसुलट फिरविणें घातक ठरतें. चाक स्थिर धरून वेग आपोआप उतरूं देणें हाच उपाय. हूक निसटला तरी ट्रेलर सुटूं नये म्हणून दोन सांखळ्या लावतात आणि त्या हुकाखालीं एकमेकींवरून तिरप्या घेतात. मग दांडी रस्त्यावर न आपटतां त्या झोळींत अडकून राहते.

लातूरहून नांदेडकडे जाणारा मार्ग चाकूर, अहमदपूर, लोहा असा बालाघाटाच्या माळावरून जातो. अंतर एकशेंचाळीस किलोमीटरांच्या आसपास. परंतु चढउतार व पावसाळा ध्यानांत घेतां तें थोडें नव्हे. मागचा भार उतारावर मोटारीस पुढें ढकलतो. चालक केवळ ब्रेकवर विसंबला तर ब्रेक तापतात. जुन्या गाडींत ब्रेकचें तेल वर्षानुवर्षें बदललेलें नसेल, तर त्यानें हवेंतील ओलावा शोषलेला असतो. तें उष्णतेनें उकळतें आणि पायाखालचा ब्रेक एकाएकीं पोकळ होतो. म्हणून उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घ्यावा. चढावर रेडिएटरच्या नळ्या, पंख्याचा पट्टा आणि क्लच यांची परीक्षा होते. गाडी किती चालली यापेक्षां ती कशी राखली गेली, याला येथें महत्त्व आहे. दोन लाख किलोमीटर चाललेली पण वेळेवर तेलपाणी झालेली गाडी भरंवशाची. अर्ध्या वाटेंत बंद पडणारी नवी गाडी पुरांत काय कामाची?

सर्वांत दुर्लक्षित अवयव म्हणजे ट्रेलरच्या चाकांतील बेअरिंगें. ट्रेलर वर्षांतील अकरा महिने आवारांत उभा असतो. उन्हानें टायरांना भेगा पडतात, ग्रीस सुकतें. मग एके रात्रीं तो शंभर-दोनशें किलोमीटर धांवतो, बेअरिंगें तापतात आणि तशींच तीं पाण्यांत उतरतात. आंतली तप्त हवा थंड होऊन आकसते व पाणी आंत ओढून घेते. पुढच्या खेपेस त्या गंजलेल्या बेअरिंगांमुळें चाक अडतें किंवा निखळतें. यासाठीं निकड नसेल तेव्हां चाकें निवूं द्यावीं. निकडीच्या वेळीं तें शक्य नसलें तरी प्रत्येक बुडीनंतर नवें ग्रीस भरण्यास चुकूं नये.

शेवटची परीक्षा पाण्याच्या कांठावर. ट्रेलर मागें नेतांना स्टिअरिंग उलट फिरवावें लागतें आणि नवशिक्याचा येथें हमखास गोंधळ होतो. चाकाच्या खालच्या बाजूस हात धरावा. हात ज्या अंगास न्यावा त्या अंगास ट्रेलर वळतो. परंतु काळ्या मातीच्या भिजलेल्या कांठावर हें कौशल्यहि अपुरें पडतें. तेथें मोटार मुरमावर किंवा सडकेवरच ठेवून होडी माणसांनीं उचलून नेणें शहाणपणाचें.

मराठवाड्यांतील माणूस पुराला अपरिचित नाहीं. गूळ करण्याच्या काहिलींत बसून नदी ओलांडणारीं मुलें या भागानें पाहिलीं आहेत. पण काहील ती काहील. लेंडीच्या लोंढ्यांत तिचा निभाव लागत नाहीं. तेथें होडीच पाहिजे, आणि ती वेळेवर पाहिजे. छपरावर बसलेल्या कुटुंबाला होडी कोठून निघाली याची कल्पना नसते; तें फक्त तिची वाट पाहत असतें. ती होडी लोह्याच्या अलीकडे अडकलेल्या चाकापायीं रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तर दोष पावसाचा म्हणतां येणार नाहीं. तो दोष वैशाखांत न भरलेल्या मूठभर ग्रीसाचा असेल. श्रावणांतील बचावाचें काम वैशाखांत सुरू होतें, तेंहि कोरड्या आवारांत, पाण्याचा थेंबहि दृष्टीस पडत नसतांना.