मुठीतल्या उजेडाची परीक्षा

खिशात मावणाऱ्या विजेरीची परीक्षा घ्यायची असेल, तर ती पेटून अर्धा तास उलटल्यावर आणि तिचा उजेड अगदी मंद केल्यावर घ्यावी, असे या भाषणाचे प्रतिपादन आहे. दुकानातल्या खोक्यावर मोठ्या आकड्यांत छापलेला असतो तो तिचा पहिला, सर्वांत प्रखर क्षण; आणि कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारासारख्या शहरात, जिथे रस्त्यांवर रात्रभर दिवे असतात व विजेरी हातात येते ती तंबू घेऊन डोंगरात जाताना किंवा अचानक वीज गेल्यावरच, तिथे तो आकडा पडताळून पाहण्याची वेळ नेमकी गरजेच्या क्षणीच येते. ही पडताळणी आधी, घरच्या घरी आणि जवळजवळ फुकट करता येते.

मराठी घरांत 'विजेरी' हा शब्द पुस्तकातच अधिक राहिला; बोलण्यात या वस्तूला सरसकट 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्यात घालायच्या नळकांड्यांना 'सेल'. इंग्रजीतील 'फ्लॅशलाइट' या नावामागेही सेलचीच हकिकत आहे. १८९९ साली डेव्हिड मिसेल यांना नळीच्या आकाराच्या हातदिव्याचे अमेरिकी पेटंट मिळाले, तेव्हाचे सेल इतके दुबळे आणि कार्बनच्या तारेचे दिवे इतके वीजखाऊ होते, की उजेड काही क्षणच टिके आणि मग सेलला विसावा द्यावा लागे. त्या क्षणभराच्या झळाळीवरून दिव्याला हे नाव पडले. सव्वाशे वर्षांनंतर सेल पुष्कळ सुधारले, दिवा तर समूळ बदलला, तरी 'उजेड किती' यापेक्षा 'उजेड किती वेळ' हा प्रश्न अवघड आहे, ही गोष्ट बदललेली नाही.

सांता क्लारा परगण्याला उजेडाच्या प्रयोगांचा जुना इतिहास आहे. शेजारच्या सॅन होजे शहरात १८८१ साली भर चौकात २३७ फूट उंचीचा लोखंडी मनोरा उभारून त्यावर विजेचे प्रखर दिवे लावण्यात आले. एकाच उंच ठिकाणाहून सगळा मध्यभाग उजळावा, अशी त्यामागची कल्पना होती. मनोरा दुरून डोळ्यांत भरे, पण खाली रस्त्यावर चालणाऱ्याच्या पायाशी पुरेसा उजेड पडेना, आणि १९१५ च्या वादळात तो कोसळला. दिव्याची शक्ती आणि हव्या त्या जागी पडणारा उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मनोऱ्याने दाखवून दिले. विजेरी विकत घेताना नेमका हाच भेद विसरला जातो. पुढे याच परगण्यात प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक घटकाची, म्हणजे एलईडीची, मोठी मशागत झाली. १९७२ साली पिवळा एलईडी तयार करणारे जॉर्ज क्रॅफर्ड नंतर ह्युलेट-पॅकार्डमध्ये आले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन होजेतील ल्युमिलेड्स या कंपनीने खोली उजळू शकतील असे शक्तिशाली एलईडी बाजारात आणले. आज कोणाच्याही खिशातल्या विजेरीच्या तोंडाशी जो पिवळसर, तांदळाएवढा ठिपका दिसतो, त्याच्या वंशावळीत या परगण्याचा वाटा आहे.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळता येईल. 'ल्युमेन' हे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप होय. साध्या मेणबत्तीचा एकूण प्रकाश सुमारे १२ ल्युमेन असतो, ही तुलना मनाशी ठेवली की मोठे आकडे जमिनीवर येतात. डोळा मात्र प्रकाशाची बेरीज सरळ करीत नाही. उजेड दुप्पट वाटायचा असेल तर ल्युमेन जवळजवळ चौपट लागतात, त्यामुळे ५०० आणि ७०० ल्युमेनच्या दोन विजेऱ्या शेजारी धरल्या तरी फरक जेमतेम जाणवतो. अमेरिकेत विजेऱ्यांच्या मोजमापासाठी २००९ पासून एफएल-१ नावाचे प्रमाण आहे. त्यानुसार ल्युमेन मोजतात ते विजेरी पेटवल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटे या अवधीत, आणि 'चालण्याचा काळ' मोजतात तो सुरुवातीच्या उजेडाचा एकदशांश उरेपर्यंत. म्हणजे '१,००० ल्युमेन' आणि '४ तास' हे शब्द खोक्यावर शेजारी छापलेले असले, तरी चार तास १,००० ल्युमेन मिळतील असा त्याचा अर्थ होत नाही. पहिली दोन मिनिटे हजार आणि उरलेला बहुतेक वेळ अडीचशे, अशी विजेरीही या प्रमाणात बसते.

याचा हिशोब कागदावर मांडता येतो. १८६५० या नावाचा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो, नावातच त्याची मापे आहेत. त्याचा दाब ३.६ व्होल्ट आणि क्षमता ३,००० मिलिअँपिअर-तास धरली, तर त्यात सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा साठते. चांगली विजेरी एका वॅटमधून ढोबळमानाने १०० ल्युमेन देते. तेव्हा या सेलमध्ये सगळे मिळून १,१०० ल्युमेन-तास आहेत, ते १,००० ल्युमेनने तासाभरात उधळावेत किंवा १०० ल्युमेनने अकरा तास पुरवावेत. या गुणाकाराच्या पलीकडचा कोणताही दावा तपासल्याशिवाय स्वीकारू नये. स्वस्तात मिळणाऱ्या काही सेलांवर ९,९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले आढळते. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता साधारण साडेतीन ते चार हजारांच्या पुढे जात नाही, त्यामुळे तो आकडा खोटाच समजावा. असा सेल घरात ठेवणेही धोक्याचे आहे.

अर्धा तास टिकणाऱ्या उजेडाची चाचणी घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही; पांढऱ्या छताचे लहानसे न्हाणीघर पुरते. विजेरी जमिनीवर उभी करून झोत छताकडे धरावा, दार लावून घ्यावे, आणि छतावरून परतलेला उजेड लक्समापकाने किंवा तसे अ‍ॅप असलेल्या फोनने, एकाच जागी ठेवून, मोजत राहावे. ('लक्स' म्हणजे एक चौरस मीटर जागेवर पडणारा एक ल्युमेन प्रकाश.) फोनचा आकडा अचूक नसतो, पण इथे अचूकता नको, तुलना हवी. तिसाव्या सेकंदाला आलेले वाचन शंभर टक्के मानून दुसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या मिनिटाला त्याचे किती टक्के उरले हे लिहून काढले, की विजेरीचा स्वभाव कळतो. पुष्कळ छोट्या विजेऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला झपकन खाली येतात. हा दोष नव्हे. एलईडीला पुरवलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो, ती उष्णता ॲल्युमिनियमच्या अंगातून तळव्यात उतरते, आणि आकार जितका लहान तितकी ती साठायला जागा कमी, म्हणून आतील मंडल स्वतःहून उजेड घटवते. दोष त्या विजेरीत मानावा, जी उतरल्यानंतर एका पातळीवर स्थिर न राहता मिनिटागणिक विझत जाते. उजेडाचा आलेख पायरीसारखा असावा, उतारासारखा नसावा.

झोताच्या आकाराचा विचार वेगळा करावा लागतो. खोल परावर्तकाची विजेरी मध्यभागी तेजस्वी गोळा टाकते आणि कडेला फिकट उजेड सांडते. उथळ परावर्तकाची किंवा खडबडीत भिंगाची विजेरी सगळीकडे सारखा उजेड पसरते. लांबचा पल्ला मोजायचा असेल, तर अंधाऱ्या गल्लीत पाच मीटरांवरील भिंतीवर झोताच्या मध्यभागी लक्स मोजावे आणि त्याला अंतराच्या वर्गाने, म्हणजे २५ ने गुणावे. वाचन १०० लक्स आले तर झोताची तीव्रता २,५०० कँडेला होते. तिचे वर्गमूळ ५०, त्याची दुप्पट १०० मीटर, हा एफएल-१ प्रमाणातला पल्ला. पण या प्रमाणातला पल्ल्याचा शेवट म्हणजे पाव लक्स उजेड, निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तेवढ्या उजेडात झाड आहे हे कळते, कोणते झाड ते कळत नाही. एक लक्स हवा असेल तर पल्ला निम्म्यावर येतो, आणि व्यवहारात तोच खरा धरावा. तंबूभोवती, चुलीपाशी, सामान लावताना पसरट उजेडच अधिक उपयोगी पडतो, कारण तिथे कोणतीही वस्तू दहा मीटरांपलीकडे नसते.

सांता क्लारातून तासाभराच्या अंतरावर मॉर्गन हिलच्या पूर्वेला हेन्री को राज्य उद्यान आहे; तिथल्या डोंगरावरच्या मुक्कामात विजेरीची दुसरी, अधिक कठोर परीक्षा होते. उन्हाळ्याच्या अखेरीस आगीच्या धोक्यामुळे शेकोटीवर अनेकदा बंदी असते, तेव्हा मुक्कामात उजेड असतो तो हातातल्या दिव्याचाच. माणसाच्या डोळ्याला अंधाराशी पूर्ण जुळवून घ्यायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि ही कमाई तीनशे ल्युमेनच्या एका लखलखाटात वाया जाते. म्हणून तंबूत झोपलेल्या मुलाला न उठवता पाण्याची बाटली शोधता येईल असा एक-दोन ल्युमेनचा मंद उजेड विजेरीत असलाच पाहिजे, आणि बटण पहिल्यांदा दाबल्यावर तोच लागला पाहिजे. पुष्कळ विजेऱ्या नेमक्या उलट वागतात. सर्वांत प्रखर पातळीवरून सुरू होतात आणि मंद पातळीपर्यंत पोचायला तीन-चारदा दाबावे लागते. खिशातल्या विजेरीत याहून मोठी उणीव नाही.

रंगांचा प्रश्न इथेच येतो. जवळच्या माउंट हॅमिल्टनवर १८८८ पासून लिक वेधशाळा आहे. तिच्या दुर्बिणींना शहराच्या उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून सॅन होजेने १९८० च्या दशकात रस्त्यांवर कमी दाबाचे सोडियम दिवे लावले. त्यांचा प्रकाश जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा असल्याने त्यांच्याखाली उभी असलेली लाल मोटार आणि तपकिरी मोटार सारखीच दिसे. एखाद्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, याच्या मापाला रंगदर्शन निर्देशांक म्हणतात; सोडियम दिवे हे त्याचे नीचतम टोक. विजेरीचा पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि फॉस्फरच्या पिवळसर थरातून त्याचा प्रकाश पांढरा करून घेतलेला असतो, त्यामुळे त्यात लाल रंगाची उणीव राहते. टोमॅटो, हळद आणि स्वतःचा तळहात या तीन गोष्टींवर झोत टाकून पाहिला की निर्देशांकाचा आकडा न वाचताही ही उणीव ओळखता येते: तळहात प्रेतासारखा फिकट दिसला तर तो दिवा टाळावा. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत पॉइझन ओक नावाचे, अंगाला लागल्यास खाज-फोड उठवणारे झुडूप सर्वत्र आहे आणि त्याच्या तीन-तीन पानांवरची लाली व चकाकी ही त्याची महत्त्वाची खूण आहे. वेदान्तातील दोरी आणि सापाचा दृष्टान्त मंद प्रकाशावर उभा आहे. खुळखुळ्या सापांच्या या प्रदेशात मंद उजेडाबरोबर रंग दडवणाऱ्या उजेडाचाही विचार करावा.

हाताळणीच्या चाचण्या थोडक्यात सांगता येतील. नळाची बारीक धार सोडून तिच्यावर मंद पातळीचा झोत टाकावा. धार सलग दिसण्याऐवजी मण्यांसारखी तुटक दिसली तर दिवा वेगाने लुकलुकतो आहे आणि त्या उजेडात वाचन केल्यास डोळे शिणतात. मागचे झाकण पाव वळसा सैल केल्यावर विजेरी पेटू नये, कारण पिशवीत बटण चुकून दाबले जाऊन सेल संपण्याचा आणि कापड तापण्याचा धोका त्यानेच टळतो. पाण्यासाठी सेल काढून आत टिपकागदाची सुरळी घालावी, झाकण घट्ट लावून विजेरी बादलीत अर्धा तास बुडवावी आणि कागद कोरडा राहिला का ते पाहावे. आयपीएक्स-७ या प्रमाणात एक मीटर खोलीवर तीस मिनिटे अपेक्षित आहेत, त्यामानाने बादली सौम्य आहे, पण झाकणाची रबरी कडी नीट बसली नसेल तर ती बादलीतही समजते.

रोजच्या वापरात फोनचा दिवा असताना वेगळी विजेरी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी सायंकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी लोमा प्रिएटाचा ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दीड तासात सूर्य मावळला, तेव्हा या भागातील असंख्य घरांत वीज नव्हती. अशा वेळी फुटलेल्या नळीतून वायू गळत असण्याची शक्यता असते, म्हणून काडी ओढायची नसते, मेणबत्ती लावायची नसते. आणि फोनची वीज निरोपासाठी राखायची असते. उशाशी ठेवायच्या विजेरीत साधे अल्कलाईन सेल वर्षानुवर्षे राहू दिले तर ते पाझरतात, आतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंगवर पांढरा थर धरते आणि दिवा कायमचा निकामी होऊ शकतो. त्याऐवजी लिथियमचे एकदाच वापरायचे डबल-ए सेल घालावेत. भारतात जाताना सुटे लिथियम सेल मोठ्या सामानात टाकता येत नाहीत. ते टोकांवर चिकटपट्टी लावून हातातल्या पिशवीत न्यावे लागतात.

कॅलिफोर्नियात दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी भूकंपाचा सराव होतो. त्या दिवशी घरातील प्रत्येक विजेरी बाहेर काढावी, मागचे झाकण उघडून स्प्रिंग पाहावी, दिवा न्हाणीघरात अर्धा तास पेटता ठेवावा, आणि घरातल्या लहान मुलांना ती डोळे मिटून पेटवायला सांगावे.