तोंडातील लाल डाग : न दुखणाऱ्या खुणेची दखल घ्या

(मुकुंदवाडी येथे संस्थेच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर आहोत. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण तो आमच्याच तोंडात घडला आहे. तीन वर्षांपूर्वी दाढी करताना खालचा ओठ ओढला, तेव्हा ज्या जागी आम्ही तंबाखू धरीत होतो, नेमका तिथेच एक लाल चट्टा दिसला. तो दुखत नव्हता, जळजळत नव्हता. घरच्यांनी सांगितले, उष्णता झाली, गुलकंद खा. आम्ही चार महिने गुलकंद खाल्ला आणि तंबाखूही खाल्ली.

तोंडात लाल डाग दिसला म्हणजे मोठा आजारच झाला, असे मुळीच नाही. गरम चहाने टाळू भाजतो, दाताच्या तुटक्या टोकाने गाल घासतो. 'तोंड आले' म्हणतो तेव्हा पांढरट फोडाभोवती लाल कडा असते. ती फार दुखते, पण आठ-दहा दिवसांत बहुधा आपोआप बरी होते. वरचेवर तोंड येत असेल, जीभ लाल व गुळगुळीत झाली असेल, तर रक्तात लोह, फॉलिक आम्ल किंवा बी-१२ कमी असू शकते. आपल्या घरातील स्त्रिया सर्वांना वाढून उरलेले खातात. त्यांनी ही रक्ततपासणी अवश्य करावी. वडीलधारी मंडळी रात्री कवळी न काढता झोपतात, त्यांच्या टाळूवर बुरशीमुळे लाली येते. कवळी रोज घासावी, रात्री काढून पाण्यात ठेवावी.

लहान मुलांच्या तोंडात लाल फोड आणि सोबत तळहात-तळपायांवर पुरळ आले, तर तो विषाणूचा संसर्ग असू शकतो. मूल पाणी पिते की नाही याकडे लक्ष ठेवावे. गोवरामध्ये अंगावर पुरळ येण्याआधी गालाच्या आत लाल जागेवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. तापात टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आले किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर एक दिवसही थांबू नये. डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट कमी झाल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

आता आमच्या चट्ट्याकडे येतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा टाळू पांढरट होऊन त्यावर लाल ठिपके उठतात. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याचे तोंड आधी तिखटाने जळते, मग हळूहळू उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ते आजच पाहा. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली; पण नुसती सुपारी निर्धोक आहे हा समजही खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले. मिशरी लावणाऱ्या आया-बहिणींनी आपण तंबाखू खात नाही, असे समजू नये. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

या सर्वांत घातक म्हणजे मखमलीसारखा लाल चट्टा, जो पुसला जात नाही, दोन आठवड्यांत जात नाही आणि ज्याचे दुसरे कारण सापडत नाही. पांढऱ्या चट्ट्यापेक्षाही त्यात कर्करोगाची शक्यता पुष्कळ जास्त असते. आणि सुरुवातीला तो बहुधा दुखतच नाही. आपण दुखणाऱ्या फोडासाठी औषध आणतो आणि न दुखणाऱ्या डागाला विसरतो. नेमकी इथेच चूक होते.

आमची मुलगी दहावीत होती. तिने शाळेतील तंबाखूविरोधी फलक स्वतः रंगविला होता. तिने विचारले, "बाबा, हा फलक मी कोणासाठी रंगवला?" दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी चट्ट्याचा लहान तुकडा तपासणीस पाठविला. अहवाल येईपर्यंत काउंटरवर नोटा मोजताना आमचा आकडा चुकत होता. कर्करोग नव्हता, पण पेशींत बिघाड सुरू झाला होता. चट्टा काढला, डबी कायमची सुटली. आजही ठरल्या तारखेला तोंड दाखवून येतो.

पाचव्या शीलात तंबाखूचे नाव नाही, असे आम्हीही पूर्वी विनोदाने म्हणत होतो. आता म्हणत नाही.

बँकेची नोटीस आली की आपण मुदतीत उत्तर देतो. शरीराच्या या नोटिशीची मुदत दोन आठवडे समजा. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात ओठ, गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. शंका आली तर आपल्याच शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, घाटी आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आई-वडिलांना, आजी-आजोबांना एकदा 'आ' करायला सांगा. ते रागावतील, तरी पाहा. आम्हीही रागावलो होतो.

जयभीम.