एल फाशरची बातमी



एप्रिल २०२३ मध्ये सुदान हे नाव तुम्ही वर्तमानपत्रात नक्की वाचले असेल. आपल्या कर्नाटकातील हक्की-पिक्की समाजाची, जडीबुटी विकायला गेलेली माणसे तिथे अडकली होती. त्यांतली काही एल फाशर शहरात होती. विधानसभेची निवडणूक तोंडावर, म्हणून पुढाऱ्यांचीही त्यावरून जुंपली. ‘ऑपरेशन कावेरी’तून माणसे सुखरूप आली आणि सुदान पहिल्या पानावरून उतरले. युद्ध तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांचे होते.

पुढचे सांगतो. एकीकडे जनरल बुऱ्हान यांचे सैन्य, दुसरीकडे हेमेदती यांचे निमलष्करी आरएसएफ. हे दल ज्या जंजावीद टोळ्यांतून उभे राहिले, त्यांनीच २००३-०४ मध्ये दारफुरमध्ये गावेच्या गावे जाळली होती. २०२३ मध्ये एल जेनिना शहरात मसालित जमातीचे दहा ते पंधरा हजार लोक मारले गेले, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. एका शहरात! तुम्ही हे नाव किती वेळा ऐकले?

मग एल फाशरला वेढा पडला, दीड वर्षाचा. लोक शेंगदाण्याची पेंड खाऊन जगले, जी आपण म्हशीपुढे ठेवतो. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर पडले. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि त्यांच्या सोबतचे मिळून ४६० हून अधिक जण मारल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने कळवले. प्रसूतिगृहात, श्रोतेहो. मी चाळीसएक वर्षे रुग्ण तपासत आलो आहे. खाटेवरच्या माणसाला कोण कोणत्या बाजूचा हे विचारायचे नसते, एवढे तरी सर्वमान्य आहे असे मला वाटत होते.

त्या दिवसांत तिथे बाहेरचा बातमीदार नव्हता. फोन बंद. येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांत जमिनीवरचे लालसर डाग दाखवले. बाकीची चित्रफीत मारणाऱ्यांनीच फुशारकीने काढलेली. युक्रेनमध्ये जगभरचे बातमीदार आगगाडीने पोहोचू शकले. दारफुरला जायला परवानगी नाही, रस्ता नाही. पण सगळा दोष रस्त्याला देऊ नये. गाझात परदेशी बातमीदारांना मज्जाव असूनही स्थानिक बातमीदारांनी जीव देऊन बातमी बाहेर काढली आणि जगाने ती ऐकली. दारफुरचे स्थानिकही बोलत होते. संपादकाला मात्र आपला वाचक त्यात कुठेच दिसला नाही. युक्रेनमुळे आपले गोडेतेल महागले, तशी सुदानची झळ आपल्या घरात लागली नाही. डिंक तेवढा तिथला. जगातला बहुतेक अरबी डिंक सुदानचा, औषधी गोळ्यांत आणि शीतपेयांत जाणारा. १९९७ साली अमेरिकेने सुदानवर निर्बंध घातले, तेव्हा डिंकाला सवलत मिळाली होती!

‘दोन्ही बाजू सारख्याच’ असेही ऐकू येते. मी जैन आहे, अनेकांत मला शिकवू नका. सैन्यानेही भरल्या बाजारांवर बॉम्ब टाकले, तोही गुन्हाच. पण एकाच्या गुन्ह्याने दुसऱ्याचा गुन्हा वजा होत नाही, दोन्ही मांडावे लागतात.

मांडल्याने काय होते? सुरक्षा परिषदेने दारफुरचे प्रकरण २००५ साली हेगच्या न्यायालयाकडे दिले. जंजावीदचा म्होरक्या अली कुशायब २७ गुन्ह्यांत दोषी ठरला तो ६ ऑक्टोबर २०२५ रोजी. पुढे त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. निकाल साक्षीदारांच्या जबान्यांवर लागला. ज्यांची गावे जळली, त्यांनी वीस-बावीस वर्षे ती हकीगत जपून ठेवली होती. निकालानंतर विसाव्या दिवशी एल फाशर पडले. तिथून निसटलेले लोक चालत तविला गावाच्या छावणीत पोहोचले आहेत, आणि त्यांच्या जबान्या घेणे सुरू झाले आहे.