ध्वनीची सूक्ष्मता आणि झाडींतलें गाणें

कानाला जें ऐकूं येत नाहीं, त्याच्यासाठीं द्रव्य वेंचावें कीं नाहीं, हा वाद संगीताच्या शौकिनांत गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. इंटरनेटवरून घरबसल्या गाणें ऐकविणाऱ्या कंपन्यांनीं 'हाय-रिझोल्यूशन', म्हणजे अतिसूक्ष्म ध्वनिलेखनाचे, नवे नवे प्रकार बाजारांत आणले आणि प्रत्येक प्रकाराबरोबर दोन पक्ष उभे राहिले. एक पक्ष म्हणतो, ह्या प्रकारानें गवयाचा श्वास आणि तंबोऱ्याचा झंकार जसाच्या तसा कानीं पडतो. दुसरा म्हणतो, हा निव्वळ व्यापाऱ्यांचा खेळ आहे. पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतला हा वाद चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत नेऊन पाहिला, म्हणजे त्यांतलें खरें काय आणि पोकळ काय, हें अधिक स्पष्ट दिसूं लागतें.

प्रथम शास्त्राची बाजू पाहिली पाहिजे. ध्वनि म्हणजे हवेचीं कंपनें. आधुनिक यंत्र ठराविक अंतरानें त्यांचें माप घेतें आणि तें आंकड्यांत लिहून ठेवतें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर हें माप सेकंदाला ४४,१०० वेळां घेतलेलें असतें आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलेलें असतें. सूक्ष्म लेखनांत तेंच माप ९६,००० किंवा १,९२,००० वेळां घेतात आणि २४ बिटांत लिहितात. गणिताचा सिद्धांत असा आहे कीं, सेकंदाला जितकीं मापें घ्यावीं, त्यांच्या निम्म्याहून कमी असलेलीं सर्व कंपनें पुन्हां तंतोतंत उभीं करतां येतात. मनुष्याचा कान ऐन तारुण्यांतहि सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपलीकडे ऐकत नाहीं आणि वयाबरोबर ही मर्यादा खालीं येत जाते. तेव्हां डिस्कचीं मापें ह्या गरजेला पुरतात. १६ बिटांनीं हलक्या आणि मोठ्या आवाजांत सुमारें ९६ डेसिबलचें अंतर सामावतें. घरांत ऐकतांना एवढें अंतर क्वचितच उपयोगांत येतें.

वाद येथें मिटावयास हवा होता. परंतु शौकिनाचा गणितापेक्षां स्वतःच्या कानावर विश्वास अधिक. म्हणून प्रयोग झाले. २००७ सालीं अमेरिकेंत मेयर आणि मोरन ह्यांनीं एकच गाणें सूक्ष्म प्रतीनें आणि डिस्कच्या प्रतीवर उतरवून, कोणतें कोणतें हें न सांगतां, ऐकविलें. ५५४ खेपांपैकीं २७६ वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें उडवूनहि जवळजवळ तितकेंच आलें असतें. २०१६ सालीं लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांत १८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले गेले, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ निघालें, ऐकण्याचें विशेष शिक्षण घेतलेल्यांत तें साठाच्या आसपास गेलें. फरक मुळींच नाहीं असें ह्यावरून म्हणवत नाहीं. पण तो अत्यंत बारीक आहे.

किंमत मात्र बारीक नाहीं. चार मिनिटांचें गाणें डिस्कच्या प्रतीनें सुमारें ४२ मेगाबाइट जागा घेतें. सेकंदाला १,९२,००० मापांच्या, २४ बिटांच्या प्रतीनें तेंच २७६ मेगाबाइट होतें. हें ओझें हलकें करण्यासाठीं इंग्लंडांतील बॉब स्टुअर्ट ह्यांनीं २०१४ सालीं 'एम.क्यू.ए.' हा प्रकार पुढें मांडला. उंच कंपनें खालच्या बिटांत घडी घालून ठेवण्याची ती युक्ति होती. टायडल कंपनीनें २०१७ सालीं ती स्वीकारली. विरोधकांचा आक्षेप असा कीं, तींत मूळ ध्वनीचा कांहीं अंश गळतो आणि शिवाय परवान्याचें शुल्क बसतें. २०२३ सालीं ती कंपनी डबघाईस येऊन कॅनडांतील लेनब्रुककडे गेली आणि २०२४ च्या जुलैंत टायडलनेंहि तो प्रकार सोडून 'फ्लॅक' पत्करला. फ्लॅक २००१ सालापासून सर्वांस खुला आहे. तो जागा वांचवितो, पण मूळांतला एकहि आंकडा गाळीत नाहीं. ज्या प्रकाराची किल्ली एकाच पेढीच्या हातीं असते, त्याचें आयुष्य त्या पेढीच्या आयुष्याशीं बांधलेलें असतें, हा ह्या प्रकरणाचा धडा आहे.

गाणें टिकण्यास सूक्ष्मतेहून आणखी कांहीं लागतें. अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या खरखरणाऱ्या तबकड्या आजहि ऐकणाऱ्याला हलवून सोडतात. १९४६ सालीं निवर्तलेल्या अल्लादिया खांसाहेबांची मात्र एकहि तबकडी नाहीं. केसरबाई केरकरांसारख्या शिष्यांच्या गाण्यावरून गुरूच्या गाण्याचा केवळ अदमास करावा लागतो. वाईट प्रत आणि उत्तम प्रत ह्यांतलें अंतर कानाला कळतें. प्रत असणें आणि नसणें ह्यांतलें अंतर पुढें कशानेंहि भरून निघत नाहीं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या संगीतापुढें आज हाच प्रश्न उभा आहे. ज्या १९८२ सालीं डिस्क बाजारांत आली, त्याच सालीं २६ ऑगस्टला गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या दक्षिणेकडील भामरागडच्या रानांत माडिया गोंडांचीं रेला गाणीं ढोलाच्या तालावर नाचत नाचत म्हटलीं जातात. उत्तरेस देसाईगंज, म्हणजे वडसा, हें झाडीपट्टी रंगभूमीचें केंद्र. दिवाळीनंतर तेथील मंडळ्या गांवोगांवीं रात्रभर नाटकें करतात. ह्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे ह्यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. ह्या दोन्ही परंपरांतलें गाणें मुख्यतः मुखोद्गत चालत आलें आहे. जाणती म्हातारी गेली, कीं तिच्याबरोबर तिचीं गाणींहि जातात.

आणि येथेंच सूक्ष्म लेखनाचा खरा उपयोग आहे. अंगणांत ध्वनि टिपणाऱ्याला पुढल्या क्षणीं ढोलावर थाप केवढी पडेल हें ठाऊक नसतें. यंत्राची पातळी चढी ठेवली तर थापेचा आवाज फाटतो आणि तो मागाहून दुरुस्त होत नाहीं. उतरती ठेवली तर १६ बिटांत म्हातारीचा हलका स्वर यंत्राच्या खरखरींत बुडूं लागतो. २४ बिटांत पातळी निर्धास्तपणें खालीं ठेवून आवाज मागाहून उचलतां येतो. दिवाणखान्यांत व्यर्थ ठरणारे आठ बिट रानांत गाणें वांचवितात. १,९२,००० मापांची तेथेंहि निकड नाहीं. माणसाच्या गाण्याला ४८,००० पुरतात. ध्वनिग्राहक कोठें ठेवावा, वाऱ्याला आड कशी करावी, ह्यांनीं पडणारा फरक मात्र कोणाच्याहि कानाला ओळखूं येतो. गाणाराची संमति, त्याचें नांव, गांव, गाण्याचा प्रसंग आणि अर्थ हें सर्व लेखनाबरोबर नोंदलें पाहिजे. प्रत फ्लॅकसारख्या खुल्या प्रकारांत ठेवली पाहिजे आणि तिची एक हलकी नक्कल, साध्या मोबाइलवर वाजेल अशी, त्या गांवांत परत गेली पाहिजे.

शहरांतल्या रसिकानें डिस्कच्या प्रतीवर खुशाल समाधान मानावें आणि वांचलेले पैसे चांगल्या ध्वनिवर्धकावर खर्चावे. तेथें मिळणारा लाभ कानाला कळेल. ज्यांचें मन त्यापुढेंहि सूक्ष्मतेकडे ओढ घेतें, त्यांच्या हौसेला वडशाचा मंडप आणि भामरागडचें अंगण मोकळें आहे. येत्या दिवाळीनंतर तेथें पुन्हां पडदे वर जातील आणि त्या रात्रींचें गाणें टिपणारें एखादें यंत्र मंडपांत असेल कीं नाहीं, हें ह्याच हौशी मंडळींवर अवलंबून आहे.