बाळाची पहिली शिदोरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी सतरंज्या घालणे आणि चहाचे पाहणे एवढेच काम मी करीत आले. यंदा कार्यवाहबाईंनी मला न विचारताच माझे नाव पत्रिकेत छापून टाकले, तेव्हा माझा नाइलाज झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझी मुलगी नर्सिंगचा अभ्यास करते. रात्री ती मोठ्याने पाठ म्हणते आणि मी समोर बसून भाजी निवडते. अशी दोन वर्षे भाजी निवडता निवडता माझ्या कानांवर जे पडले, आणि जे कळले नाही ते डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा विचारून घेतले, तेवढेच आज सांगणार आहे. आईच्या अंगातला ताप बाळापर्यंत कसा जातो, आणि आईच्या अंगातली राखण बाळापर्यंत कशी जाते, हा विषय आहे. तो मी का घेतला, हे आधी सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, हिला हे मोठेपण कुठून सुचले.

माझे पहिले बाळंतपण वीस-एक वर्षांपूर्वीचे. सातव्या महिन्यात मला लघवीला जळजळ होऊ लागली आणि संध्याकाळी कणकण येई. नवी सून, घरात मोठी माणसे. हे सांगायचे कुणाला आणि कोणत्या तोंडाने? पाणी जास्त प्यायले, धणे-जिऱ्याचा काढा घेतला आणि गप्प राहिले. डोहाळजेवण झाले, माहेरी आले. आठवा संपण्याआधीच एका रात्री कळा सुरू झाल्या आणि गाडी येईपर्यंत घरातच मोकळी झाले. मुलगा झाला. एवढासा, ओंजळीत मावेल असा. माहेरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी पहिला पिवळा चीक पिळून टाकावयास लावला. "हे जड असते, बाधते," त्या म्हणाल्या. तीन दिवस बाळाला मधाचे बोट आणि गूळपाणी. त्यांनी ते मायेनेच केले, यात मला शंका नाही. त्यांच्या वेळी त्यांनाही कुणीतरी तसेच सांगितले असेल. सतराव्या दिवशी बाळ दूध ओढीनासे झाले, अंग गार पडले. दवाखान्यात नेले, पण दुसऱ्या दिवशी ते गेले.

अमुकच कारणाने गेले असे मी म्हणत नाही. ते आता कुणालाच सांगता यावयाचे नाही. पण मुलगी पाठ म्हणू लागली तेव्हा माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. लघवीच्या संसर्गाने कळा वेळेआधी येऊ शकतात, हे तिच्या पुस्तकात होते. आणि पुढे जे होते ते ऐकून तर मी दिवा मालवल्यावरही जागीच होते.

आईला आजवर जे जे आजार झाले, ज्या ज्या लसी टोचल्या गेल्या, त्या प्रत्येकाची ओळख तिच्या रक्तात राहते. त्या त्या रोगाशी लढणारे जे रक्षक रक्तात तयार होतात त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. आमच्या घरी आम्ही राखणदार म्हणतो. हे राखणदार वारेतून बाळाच्या रक्तात जातात. साधारण चौथ्या महिन्यापासून थोडे थोडे जाऊ लागतात, पण खरा ओघ सुरू होतो तो शेवटच्या दिवसांत. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात हे राखणदार आईइतके, कधी आईहूनही जास्त असतात. लेक सासरी निघते तेव्हा आई डब्यावर डबे भरते आणि सर्वांत मोठा डबा शेवटी आठवतो ना, तसेच हे. दिवसांआधी जन्मलेले बाळ म्हणजे डबे भरण्याआधीच गाडीत बसलेली लेक. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या मुलाला दुसरी शिदोरी, म्हणजे चीक, जास्तच हवा असतो. माझ्या बाळाला पहिली अर्धी मिळाली आणि दुसरी आम्ही ओतून दिली.

आता खरवसाचे पाहा. कुणाची गाय व्याली की आपण पातेले आधीच सांगून ठेवतो. गूळ, वेलदोडा घालून उकडतो, मुले ताटलीशी भांडतात. गाईचा चीक पौष्टिक, आणि बाईचा तेवढा जड! गाईच्या वारेतून वासराला हे राखणदार मुळीच मिळत नाहीत, जे मिळायचे ते चिकातूनच. आणि वासराचे आतडे ते रक्तात घेते तेही साधारण पहिल्या दिवसापर्यंतच. म्हणून जाणता शेतकरी आधी वासराला पाजतो आणि उरलेला चीक आपल्याला देतो. (खरवस मागायला जाताना हे ध्यानात असावे.)

दुधातून राखण मिळते हे ज्याने प्रथम नीट दाखवून दिले त्याची गोष्ट मला फार आवडली. बर्लिनमध्ये पॉल एर्लिख नावाचे शास्त्रज्ञ होते. 1892 साली त्यांनी उंदरांवर प्रयोग केले, आणि त्यासाठी विष घेतले ते आपल्या ओळखीचे: सोनार जिने सोने तोलीत ती गुंज, आणि एरंडाची बी. ही विषे अगदी थोड्या प्रमाणापासून वाढवीत नेली की उंदराला ती सोसू लागतात. मग त्यांनी पाहिले की अशा उंदरीची पिल्लेही विष सोसतात. हे आले कुठून? बापाकडून म्हणावे, तर विष सोसणारा बाप आणि साधी आई यांच्या पिल्लांना काहीच मिळालेले नव्हते. (येथे आमच्या घरातले हसले नाहीत, मी मात्र हसले.) मग त्यांनी पाळणेच बदलले. साध्या उंदरीची पिल्ले विष सोसणाऱ्या उंदरीच्या दुधावर ठेवली, आणि ती पिल्ले विष सोसू लागली! पोटात वाढली एकीच्या, राखण मिळाली दुसरीच्या दुधातून. या एर्लिख यांना पुढे 1908 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसात थोडा फरक आहे. आपल्या बाळाला रक्तातले राखणदार मिळतात ते वारेतून. चिकातले आणि दुधातले राखणदार बहुतेक रक्तात जात नाहीत, ते बाळाच्या घशावर आणि आतड्यावर लेपासारखे बसतात आणि जंतूला चिकटू देत नाहीत. चीक चार-सहा चमचेच निघतो म्हणून 'बाईला दूध नाही' असे म्हणू नये. बाळाचे पोटही तेवढेच असते. जन्मल्यावर तासाभरातच बाळाला अंगावर घ्यावे, आणि सहा महिने दुसरे काही, मधाचे बोटसुद्धा, देऊ नये. आणखी एक नवलाची गोष्ट. आई ज्या घरात वावरते त्या घरातले जंतू तिच्या पोटात जातात, तिचे आतडे त्यांची ओळख करून घेते, आणि तेथून निघालेल्या पेशी स्तनांत येऊन नेमके त्याच जंतूंवरचे राखणदार दुधात घालतात. डब्यातल्या दुधाला आपल्या घराची ही ओळख कुठून असणार? म्हणून आईला सर्दी-पडसे झाले तरी पाजणे बंद करावयाचे नाही. तोंडाला पदर बांधावा, हात धुवावेत आणि पाजावे.

पूर्वी धनुर्वाताने किती बाळे गेली! पहिले दोन दिवस छान पिणारे मूल तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ओढीनासे होई, अंग ताठे, झटके येत, आणि नाव येई सटवाईवर. नाळ कापायचा विळा किंवा नाळेला लावलेली राख यांतून ते विष येत असे. गरोदरपणी आईला जे धनुर्वाताचे इंजेक्शन देतात ते आईपेक्षा बाळासाठीच जास्त. आईचे राखणदार वारेतून बाळाला मिळतात. या टोचण्या आणि स्वच्छ बाळंतपणे यांमुळे 2015 साली आपल्या देशात नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहूनही कमी. तो कायमचा नाहीसा झालेला नाही, म्हणून टोचणी चुकवायची नाही.

ही उसनी राखण टिकते फार तर काही महिने. मागे एका भगिनीने मला विचारले होते, गोवराची लस बाळाला नऊ महिने होईपर्यंत का देत नाहीत? त्याचे उत्तर हेच. आईचे राखणदार रक्तात असतात तोवर ते लसीलाही शत्रू समजून मारतात आणि लस वाया जाते. ते सरले की मगच बाळाला स्वतःचे राखणदार उभे करता येतात.

आता आईच्या तापाकडे येते. अमेरिकेत बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्था आहेत. तेथील आय इंग लिम आणि यास्मिन बेलकेद आणि त्यांचे सहकारी यांचे संशोधन 2021 साली प्रसिद्ध झाले. दोघीही बायका, हे मुलीने मुद्दाम सांगितले. त्यांनी गाभण उंदरींना आतड्याचा एक सौम्य, लवकर बरा होणारा संसर्ग दिला. जंतू पिल्लांपर्यंत पोहोचलेच नाहीत. पण संसर्गात आईच्या अंगात जो दाह उठतो, त्याचा निरोप नेणारा एक पदार्थ असतो, इंटरल्यूकिन-सहा. तो निरोप पिल्लांच्या आतड्यांपर्यंत गेला. पिल्ले मोठी झाल्यावर पाहिले, तर त्यांच्या आतड्यांत लढाऊ पेशी जास्त होत्या. साल्मोनेला या जंतूशी ती इतर पिल्लांहून चांगली लढली. पण त्याच पिल्लांच्या आतड्यांचा दाह भडकवला तर तो इतरांपेक्षा जास्त भडकला. पहारेकरी जास्त ठेवले, चोर आला नाही, पण ते घरातल्यांशीच भांडू लागले, असा काहीसा प्रकार.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग गरोदरपणी थोडा ताप आला तर बरेच की! तसे नव्हे. एकतर ते उंदीर आहेत, आणि डॉक्टरीणबाईंनी मला बजावले आहे की उंदराचे ते जसेच्या तसे माणसाला लावू नये. दुसरे असे की तो संसर्ग मोजून-मापून दिलेला, सौम्य. आपल्याला येणारा ताप कुठे मोजून येतो? हिवताप असेल तर बाळ कमी वजनाचे होते. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला इजा होते. ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांवरून ते 1941 साली ओळखले. मला त्या उंदरांवरून कळले ते एवढेच की ताप उतरला म्हणजे झाले असे नाही. आईच्या अंगात काय घडले याची बाळाच्या अंगात नोंद होते. मग तो ताप लपवायचा कशाला?

आणि आपण लपवतोच. गेल्या महिन्याची गोष्ट. आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या सुनेला दिवस आहेत. मुलगी बी.कॉम. झालेली, मोबाइलवर सारे जग पाहणारी. तिलाही लघवीची जळजळ होत होती आणि तिनेही चार दिवस कुणाला सांगितले नाही. शेवटी हळूच सांगितले ते माझ्या मुलीला. मी त्याच दुपारी जाऊबाईंकडे गेले. "वहिनी, हिला आज दवाखान्यात न्यायची," म्हटले. त्या म्हणाल्या, "अगं, उष्णतेचे असेल, सब्जा देते." मग मी त्यांना माझ्या मुलाचे सांगितले. इतक्या वर्षांत या घरात मी त्याचे नाव पहिल्यांदाच काढले. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, लुगडे बदलून आल्या, आणि आम्ही तिघी रिक्षाने गेलो. लघवी तपासली, संसर्ग निघाला, औषध मिळाले. आठवड्याने पुन्हा तपासली, ती स्वच्छ आली. चीक टाकावयाचा नाही हे जाऊबाईंनी कबूल केले आहे. मधाच्या बोटावर आमचे अजून एकमत व्हावयाचे आहे.

तिला सातवा लागला आहे. येत्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे तिचे डोहाळजेवण आहे, तरी सर्व भगिनींनी अगत्याने यावे. ज्यांच्या घरी कुणाला ताप, गोवर किंवा कांजिण्या असतील त्यांनी मात्र राग मानू नये. त्यांच्या वाटणीचे मी घरी पोहोचवीन.